बांधलेला वेग

काशीद,
३ जुलै २०२४

ती. सदामामास,
हेमालीचा सा. न. वि. वि.

मागच्या महिन्यात तू तळा गावाहून येऊन आमच्याकडे दोन दिवस राहून गेलास, त्यानंतरचं हे पहिलं पत्र. चार वर्षांपूर्वी तुझे कान गेले, फोनवरचं बोलणं संपलं, आणि तेव्हापासून आपला हा पोस्टाचा कारभार चालू आहे. अख्ख्या तळ्याचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस मोबाईलवर चार ओळी टाईप करायला कंटाळतो, हे मी टीममध्ये सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही.

टीमवरून मुख्य बातमी. तू बांधून दिलेल्या मशीनवर मी दोन वर्षं गेम खेळते आहे आणि आता कुठे धड टीम मिळाली आहे, पाच मुलींची. अठरा ऑगस्टला ऑनलाइन निवड फेरी आहे. ती जिंकलो तर सहा महिने हैदराबादला सराव शिबिर, राहणं-खाणं सगळं आयोजकांचं. आईला सांगितलं तर ती कोळंबी सोलत राहिली. बाबांनी एवढंच विचारलं की घरात बसून खेळायच्या खेळासाठी इतक्या लांब कशाला जायचं.

पण मामा, मशीन बिघडलं आहे. तू धूळ काढून, सगळं पुसून ठेवून गेलास आणि नेमका त्यानंतर गेम अडखळायला लागला. आधी पडद्यावर सेकंदाला एकशेचाळीस फ्रेम यायच्या, आता अठ्ठावीस, फार तर तीस. समोरची खेळाडू मला दिसते तोवर तिने मला मारलेलं असतं. तुझ्या हाताला नावं ठेवत नाही, पण काय तपासायचं ते लवकर लिही. हवं तर आतले फोटो काढून पाठवते.

मामीला नमस्कार. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असल्याने होडी वर काढली आहे, म्हणून बाबा घरीच जाळी विणत बसलेले असतात. माझ्यावर करतोस त्यातली थोडी माया या मशीनवरही कर.

तुझी,
हेमाली


तळा,
८ जुलै २०२४

चि. हेमालीस,
सदामामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाच मुलींच्या टीमचं वाचून मामी दोनदा म्हणाली की आपली पोरगी काहीतरी वेगळं करून दाखवणार.

मशीनबद्दल म्हणशील तर घाबरू नकोस. तुमचं घर समुद्राला लागून, खारी हवा आत शिरतेच. आधी विजेच्या सेटिंगमध्ये बचतीचा पर्याय लागला आहे का बघ, असेल तर बदल. मागे चालू राहणारी सगळी कामं बंद कर. ग्राफिक कार्डचा ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाक. तरीही फरक पडला नाही तर बाजूचा पत्रा उघडून पंखे मोकळे फिरतात का ते पाहा, आणि प्रोसेसरवरची पेस्ट सुकली असेल तर नवी लाव. ती अलिबागला मिळेल. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि प्रत्येक वेळी आकडा लिहून ठेव.

फोटो पाठवू नकोस. लहान पडद्यावर मला नीट दिसत नाही. तू बघ आणि शब्दांत लिही, लिहिताना माणूस जास्त बारकाईने बघतो.

आईच्या मनाविरुद्ध एकदम काही ठरवू नकोस. सगळं सावकाश होईल. बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
सदामामा


काशीद,
१४ जुलै २०२४

चि. सदास,
सोनूताईचा आशीर्वाद.

मी सातवीपर्यंत शिकले, तवा अक्षर लावून वाच. मोबाईलवर लिवलं असतं पन माझा मोबाईल हेमालीच्या मशीनवर बी उघडतो, ती वाचंल म्हनून पत्र.

तू आलास तवा माझ्या सांगन्यावरून मशिनीचा वेग बांधून ठेवलास आन् वर कुलूप घातलंस, त्ये बरं केलंस. आता ती तुला पत्र लिवते हाय. विरघळू नको. सारा दिवस मशीन उघडून बसते, बारक्या ब्रशानं पुसते. मना बी बघवत न्हाय. पन आपल्याला तिचं वाईट करायचं न्हाय.

पुढच्या तीन खोल्या आपन पावन्यांना देतो, त्या तिच्याच जिवावर चालतात. पावने शेहरातले, मोबाईलवर बुकिंग करतात, मना त्यातलं काय कळत न्हाय. पन तुला खरं सांगते, खोल्यांचं नुसतं निमित्त हाय. एकदा ती भायेर गेली का परत काशीदला यायची न्हाय. तिचे बाबा होडी घेऊन गेले का चार-चार दिस घरात मी आन् भिंती. ह्ये तिला कसं सांगू. सांगितलं तर ती थांबंल आन् जलमभर माझ्यावर राग धरंल. मशीनवर राग धरंल तर धरू दे.

फेरी होऊन गेली का तू ये आन् मशीन पैल्यासारखी करून दे. कोनाला कळायचं न्हाय.

जिवाला जप. ताईवर माया हाय तशी ठेव.

सोनू


काशीद,
२३ जुलै २०२४

ती. सदामामास,
हेमालीचा सा. न. वि. वि.

तू सांगितलेलं सगळं केलं. विजेची सेटिंग बदलली, तीस. ड्रायव्हर नवा टाकला, एकोणतीस. अलिबागहून पेस्ट आणली, यूट्यूबवर बघत प्रोसेसर पुसून तांदळाच्या दाण्याएवढी लावली, बाबांना दिवा धरून उभं केलं. पुन्हा एकोणतीस.

पण एक गोष्ट सापडली. गेम चालू असताना प्रोसेसरचा वेग शून्य पॉइंट आठ गिगाहर्ट्झच्या वर जातच नाही. तो चारच्या पुढे जायला हवा. गरमही होत नाही. आमची कॅप्टन प्रणाली पनवेलची आहे, तिने चौकशी केली. तिचं म्हणणं, मशीन सुरू होताना जे निळं सेटिंगचं पान उघडता येतं तिथे कोणीतरी वेग खाली बांधलेला असू शकतो. मी उघडायला गेले तर पासवर्ड मागतं. मशीन तू बांधलंस, पासवर्ड तूच टाकला असशील. तेवढा उलट टपाली कळव.

प्रणालीने काल फार गोड शब्दांत बजावलं की दहा ऑगस्टपर्यंत मशीन सुधारलं नाही तर तिला माझा विचार करावा लागेल. तिचा राग नाही आला. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

आई हल्ली माझ्याशी फार गोड वागते. रोज माझ्या आवडीचं काहीतरी करते. मला वाटतं, मी जाणार म्हणून तिने मनाची तयारी केली असावी.

पासवर्डची वाट बघते. तू आहेस म्हणून धीर आहे.

तुझी,
हेमाली


तळा,
२७ जुलै २०२४

ती. सोनूताईस,
सदाचा सा. न.

हेमालीचं पत्र सोबत पाठवतो, वाच. पोरगी बरोबर जागी पोचली आहे. तिला फक्त सहा अक्षरं हवी आहेत आणि ती माझ्याकडे आहेत.

ताई, मला यातून मोकळं कर. तू जूनमध्ये माझ्यासमोर रडलीस म्हणून मी ते केलं. तेव्हा वाटलं, चार दिवस खेळ अडेल, ती कंटाळेल, सोडून देईल. ही कंटाळणारी नाही. माझ्या दुकानात येणाऱ्या पोरांमध्ये इतक्या चिकाटीने दोष शोधणारं एकही पोर मी पाहिलेलं नाही. मी तिला खोटे उपाय लिहून पाठवतो आणि ती ते खरे समजून नेमाने करते. तिचे आकडे वाचताना मान खाली जाते.

तू हो म्हण, मी लगेच पासवर्ड कळवतो. जाईल, सहा महिन्यांनी येईल. तिला मी समजावीन.

उत्तराची वाट पाहतो.

सदा


काशीद,
१ ऑगस्ट २०२४

सदास,

न्हाय.

आपली आई सहा वर्सं अंथरुनाला होती. तिचं हगनंमुतनं मी काढलं. तू तळ्याला दुकान लावलं व्हतंस, तुझी बायको दोन दिसांवर हितं राह्यली न्हाय. मी तुला एका शब्दानं बोलले न्हाय, आजवर काय मागितलं बी न्हाय. ह्ये एकच मागितलं.

तिचं पत्र चुलीत टाकलं. आज होडी पान्यात गेली, तिचे बाबा गेले. घरात आमी दोघीच.

सोनू


तळा,
५ ऑगस्ट २०२४

चि. हेमालीस,
अनेक आशीर्वाद.

पासवर्ड आठवत नाही. दोन वर्षांपूर्वी बांधताना टाकला असेल, दुकानातल्या वह्या चाळल्या, सापडला नाही. पण प्रणालीच्या अंदाजावर जाऊ नकोस. मला वाटतं दोष पॉवर सप्लायचा आहे. पुरेशी वीज मिळाली नाही की प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो. मी नवा मागवला आहे, यायला पंधरवडा लागेल. तोवर आत हात घालू नकोस, काहीतरी जळायचं.

फेऱ्या पुढेही होतील. अजून वय आहे.

प्रकृतीला जप.

सदामामा


काशीद,
२० ऑगस्ट २०२४

ती. सदामामास,
हेमालीचा सा. न. वि. वि.

मी फेरी खेळले नाही. दहा तारखेला प्रणालीने माझ्या जागी रोह्याची एक मुलगी घेतली. परवाची फेरी मी प्रेक्षक म्हणून बघितली. त्या जिंकल्या. मी अभिनंदन पाठवलं, सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि मग टीमच्या ग्रुपमधून मला काढलं. नियम आहे म्हणे.

तुझं शेवटचं पत्र तुटक होतं. तू मनाला लावून घेतलं आहेस असं वाटतं, म्हणून मुद्दाम लिहिते. मामा, यात तुझा काही दोष नाही. ऐकू येत नसताना, इतक्या लांबून, नुसत्या माझ्या शब्दांवरून तू जेवढं करता येईल तेवढं केलंस. आपल्या माणसांत माझा खेळ खेळ मानणारा तू एकटाच होतास. पॉवर सप्लाय आला तर ठेवून दे, घाई नाही.

आईने आज पुरणपोळ्या केल्या. कशासाठी ते विचारलं तर म्हणाली, सहज.

तू पत्र लिही. बाकी काही नको.

तुझी,
हेमाली


काशीद,
२ सप्टेंबर २०२४

सदास,
आशीर्वाद.

हेमालीच्या नावचं तुझं जाड पाकीट आलं. पोस्टमननं माझ्या हातात दिलं. मना शंका आली म्हनून उघडलं. बरं झालं उघडलं. सगळं लिवलंस, पासवर्ड, मी काय बोलले, तू काय केलंस, पायावर डोकं ठेवतो म्हनून बी लिवलंस. भाचीच्या पायावर.

जाळलं. आता जे व्हायचं त्ये होऊन गेलं, मग तिला सांगून काय मिळनार. तुझं मन हलकं व्हईल आन् माझं घर मोडंल. ती आता शांत हाय. खोल्यांचं बघते. दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग आत्तापासून भरलं हाय.

परत असं करू नको.

सोनू


काशीद,
९ ऑक्टोबर २०२४

श्री. सदानंद मामा यांस,

वीस ऑगस्टच्या माझ्या पत्राला तुम्ही उत्तर दिलं नाहीत. दीड महिना वाट पाहिली. आता कारण कळलं.

पाहुण्यांच्या बिलांसाठी मशीन वापरते, तेही रखडत चालतं. मागच्या रविवारी कंटाळून मी मदरबोर्डवरचा गोल सेल काढला, दहा मिनिटांनी परत बसवला. तो काढला की निळ्या पानावरचं सगळं पुसलं जातं, पासवर्डही. हे मला ऑगस्टमध्ये माहीत नव्हतं. तुम्हाला नक्की माहीत होतं. तुम्ही लिहिलंत, आत हात घालू नकोस.

गेम लावून पाहिला. एकशेचाळीस.

दोन वर्षं वेग नीट होता, जूनमध्ये तुम्ही आलात आणि तो बांधला गेला. मशीनला दुसऱ्या कोणी हात लावलेला नाही. मी पेस्ट लावत होते, आकडे लिहून पाठवत होते, आणि तुम्ही तळ्याला बसून ते वाचत होतात. मुलीने असं खेळणं, बाहेर जाणं तुम्हाला पसंत नव्हतं तर तसं सांगायचं. बाबांनी तोंडावर सांगितलं, त्यांचा मला राग नाही.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिला मशीनमधलं काही कळत नाही. मग मला जवळ घेऊन खूप रडली. माझ्यासाठी इतकं रडताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. निदान ती तरी माझी आहे.

टीम हैदराबादला आहे. त्यांच्या मॅच मी बघत नाही.

ऑगस्टनंतर तरी एक ओळ खरी लिहायला हवी होतीत. मी माफ केलं असतं. आता लिहू नका, मी पाकीट फोडणार नाही.

हेमाली


तळा,
२० ऑक्टोबर २०२४

ती. सोनूताईस,
सदाचा नमस्कार.

हेमालीचं पत्र आलं. मामीला वाचायला दिलं नाही.

मी तिला काही कळवणार नाही, तू निश्चिंत राहा. तिला वाटतं तिच्याजवळ आई तरी आहे. तेही काढून घेतलं तर त्या घरात ती कोणाबरोबर राहील? म्हणून गप्प बसतो. तुझ्यासाठी नाही.

माझंही सांगतो. तू पाकीट जाळल्याचं वाचलं तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. दुसरं पत्र लिहायला मला कोणी अडवलं नव्हतं. एसटीत बसून तीन तासांत काशीदला येता आलं असतं. मी रोज दुकान उघडत राहिलो. तेव्हा सगळा दोष तुझ्या एकटीच्या माथी मारत नाही.

आईची सहा वर्षं तू माझ्यापुढे ठेवलीस. ती माझ्या अंगावर होतीच, कधी नाकारली नाहीत. पण ती फेडायची होती तर मी माझ्या पदरचं काही द्यायला हवं होतं. मी हेमालीचं दिलं.

या भाऊबीजेला माझ्यासाठी पाट मांडू नकोस, मी येणार नाही. हेमालीने कारण विचारलं तर मामा आजारी आहे वगैरे सांगू नकोस. मामाला तोंड दाखवायची लाज वाटते, असं सांग. ते खरं आहे, आणि आपल्या दोघांपैकी कोणाकडून तरी तिला एवढं एक खरं मिळू दे.

सदा