ज्यॉइसशी पुन्हा लग्न करण्याची परवानगी

लिडकूम, मंगळवार

प्रिय मेहुणे गिल्बर्ट यांस ओसविन पाद्र्याचा आशीर्वाद. (माझा नको असेल तर नुसता नमस्कार समजा.) तुमचा गुडघा कसा आहे? इकडे मी ठीक. म्हणजे रस्त्यावर घोड्याच्या टापा वाजल्या की जेवण टाकून चर्चकडे धावतो, मेणबत्त्या ठेवायच्या की उचलायच्या ते कळत नाही, एवढंच.

बारा वर्षांत आमची दगडी वेदी दोनदा बाहेर गेली, एकदा आत आली (सध्या ती कोंबड्यांच्या खुराड्याखाली आहे, कुठे बोलू नका). गादीवर नवं माणूस आलं की चर्चची रीत बदलते, आणि हुकूम आला की मी दुसऱ्या दिवशी हजर. मागच्या राजाने पाद्र्यांना लग्नाची मोकळीक दिली आणि मी तुमच्या बहिणीशी लग्न केलं. ते मात्र हुकमाखातर नव्हे, ज्यॉइसवर जीव जडला होता म्हणून. मग मधल्या राणीसाहेब म्हणाल्या, चर्च किंवा बायको, एकच ठेवा. मी प्रायश्चित्ताची पांढरी चादर पांघरून, हातात मेणबत्ती धरून भर चर्चमध्ये सांगितलं की हे लग्न माझी चूक होती. ज्यॉइस तिसऱ्या बाकावर बसली होती. त्याच दुपारी ती तुमच्याकडे आली.

आता नव्या राणीसाहेबांनी पुन्हा मोकळीक दिली आहे, पण आधी बिशप आणि दोन न्यायाधीशांनी पाद्र्याच्या होणाऱ्या बायकोची चौकशी करायची. त्यांतले एक सर पिअर्स, ज्यांनी तेव्हा माझ्या हातात मेणबत्ती दिली तेच. बाईला कधीपासून ओळखता, म्हणाले. मी म्हटलं, पाच वर्षं माझी बायको होती. त्यांनी आठ्या घालून लिहून घेतलं, ‘पूर्वी एका पाद्र्याच्या घरात राहत असे.’ (तो पाद्री मीच, हे सांगूनही खोडलं नाही.)

मग माझ्या शेजारी उभी असलेली ज्यॉइस बोलली. “मला खुशाल विचारा काय ते. पण आधी याला विचारा, पुढची राणी आली की माझं काय करणार?”

मी सवयीने बिशपांच्या तोंडाकडे पाहिलं. तिने ते पाहिलं, शाल सारखी केली आणि निघून गेली. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

आपला,
ओसविन

ता.क. बाईच्या नातलगांची संमतीही लागते. सोबतच्या कागदावर खूण करावी.

ता.क. दुसरा: तो कागद फाडून टाका. परवानगी पाद्र्याला लागते, साध्या माणसाला नाही. चर्चची चावी बिशपांकडे पोचवली. विचारलं नाही, कळवलं. तुमच्याकडे लोकर विंचरायला माणूस हवा आहे का?

ता.क. तिसरा: पत्र दुसऱ्याच्या हाती दिलं की माझं मन फिरेल, म्हणून मीच आणलंय. तुमच्या दाराबाहेर उभा आहे. ज्यॉइसला पाठवता का?