टाचेचा ब्रेक

अकोला, रविवार संध्याकाळ

राष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धेचा इतिहास लिहून राहिलोय, स्मरणिकेसाठी. विजेत्यांची यादी लिहून झाली, आता भाग घेतलेल्यांची. मग धाकट्या बहिणीला, सुमीला, बाळापूरला फोन केला. "तुहं नाव टाकू का?"

"नको टाकू दादा. मी तं भेऊन पडली होती."

भेऊन! हे तिच्या डोक्यात मीच भरवलं; पडली तेव्हा मीच म्हटलं होतं, 'भेली म्हणून पडली.' जठारपेठेतल्या सिमेंटवर, चाकांच्या स्केट्सवर मीच शिकवलं होतं: थांबायचं तर टाच दाब. बर्फ आम्ही थेट स्पर्धेतच पाहिला. बर्फावरच्या बुटाला टाचेचा ब्रेक नसतो, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. तिनं टाच दाबली, पाठीवर आदळली. पुन्हा कधी स्केट्स घातले नाहीत.

आज तरी सांगायचं होतं, टाचेचं. मी एवढंच म्हटलं, "बरं, नाही टाकत."