शालूच्या कचेरीच्या पायऱ्या

पालघर, ता. ६ नोव्हेंबर १९६७

चि. प्रताप यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या बहिणीचं पत्र आलं. कारखान्याच्या कचेरीत टायपिस्ट झाली, आणि रोज दोन शिपाई तिला खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवतात! पोलिओनं पाय गेला म्हणून माणसाचं कपाट झालं का? सारी कचेरी खिडकीशी येऊन बघते म्हणे. ती कचेरी बांधणारा ओव्हरसियर तिचा सख्खा भाऊ. दाराशी उतार ठेवायला तुझा हात कोणी धरला होता?

तुझी आत्या,
सुगंधा

सरावली, ता. ९

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

मुलाखतीला साहेब यायच्या आत मी शालूला टेबलामागे बसवलं, कुबड्या दाराआड ठेवल्या. स्थळ येतं तेव्हा आपण तिला आधीच बसवून ठेवतो ना, तसंच. टायपिंग पाहून साहेब खूष झाले. तेव्हा कचेरीचा पाया भरत होता. उतार मागितला असता, तर कोणासाठी, असं विचारलं असतं. म्हणून गप्प बसलो. आता साहेब म्हणतात, फसवलंत. सोमवारपासून आपली आपण चढली नाही, तर नोकरी गेली. तिला राजीनाम्यासाठी समजाव, निदान अब्रू राहील.

तुझा,
प्रताप

पालघर, ता. ११

चि. प्रताप यास आशीर्वाद, नाइलाजानं.

अब्रू कोणाची, तुझी ना? पाहुण्यांपासून लपवलेलं लग्नापर्यंत तरी टिकतं. पायऱ्या पहिल्याच दिवशी बोलतात. खोटं बोललं की आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभं करायच्या. तू साहेबाकडे तोंड करून उभा राहा आणि खरं सांग. हे पत्र शालूलाही वाचायला दे.

सुगंधाआत्या

सरावली, ता. १३

ती. आत्यास सा. नमस्कार.

दादा साहेबांकडे गेला नाही. आज मीच पायऱ्यांशी थांबले. शिपायांना म्हटलं, उचलू नका, साहेबांना बोलवा. जिवल्या शिपाई म्हणाला, बाय, साहेब कोणासाठी खाली नाय येत. मी म्हटलं, मग मीही वर नाय येत.

आले. कुबड्यांवर मी त्यांच्यासमोर प्रथमच उभी होते. पाय लपवला ते चुकलं, म्हटलं, पण टायपिंग माझंच होतं. साहेबांनी दादाला तिथंच बोलावून घेतलं. त्याला म्हणाले, पाया भरताना बोलला असतास तर एका दिवसाचं काम होतं.

उतार होईपर्यंत मला बिनपगारी रजा आहे. नोकरी राहिली. पहिली पायरी दादानं स्वतः फोडली. माझ्याशी मात्र अजून बोलत नाही. काम झालं की तू ये. तुला घ्यायला मी दारातून खाली येईन, एकटी.

तुझी माया आहेच, ती माझ्यासाठी अशीच भांडत राहू दे.

तुझी,
शालू