उजवीकडून तिसरी मुलगी

प्रिय बाईसाहेब,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुझ्या भावाच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. त्याला सांग, मी धडधाकट आहे. हाताला कापरं भरतं, तेवढं सोड.

मंगळवारी संग्रहालयात गेलो होतो. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच, तेही पुढच्या दारानं, रांगेत उभं राहून. तीस वर्षं डब्याची पिशवी घेऊन मागच्या दारानं आत जायचो. पुढचा जिना केवढा उंच आहे, हे माझ्या गुडघ्यांना आत्ता कळलं. सातव्या दालनात पोचतोय तोच एका नव्या पहारेकऱ्यानं मला दोरीमागे व्हायला सांगितलं. ज्या चित्राला दोन वर्षं नाक लावून बसलो, त्याच्यापासून चार हात लांब! खरं सांगतो, हसू आलं.

तुला ते चित्र ठाऊकच आहे, शाळेच्या अंगणात ओळीनं उभ्या सात मुली. दुरुस्तीसाठी आमच्या टेबलावर आलं तेव्हा उजवीकडून तिसरीचा चेहरा ओलीनं पार खाल्ला होता. आमच्या कामाचा नियम जेवताना मी तुला शंभरदा ऐकवलाय. मूळ रंग उरला नसेल तिथे बारीक उभ्या रेघांनी आजूबाजूचा रंग भरायचा, म्हणजे लांबून खड्डा डोळ्याला खुपत नाही आणि जवळून कळतं की इथे दुसऱ्याचा हात लागलाय. आपल्या मनचं काही काढायचं नाही. काढणाऱ्याला आम्ही चोर समजायचो.

आणि मी चिंगीला काढलं. तिला जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. चार वर्षांची असताना गेलेली पोर मी नऊ वर्षांची केली. तुझं कपाळ, माझ्या आईची हनुवटी, पडून नव्यानं आलेले पुढचे दोन मोठे दात. आपल्याकडच्या फोटोंत ती चारच्या पुढे जात नाही, तिथे गेली. चित्राचा जुना फोटो मिळाला, अशी थाप मी साहेबांना मारली आणि त्यांनी पाठ थोपटली. तुला दाखवायला नेलं तेव्हा वाटलं, तू भडकशील. तू तासभर तिच्यासमोरून हलली नाहीस आणि मग विचारलंस, केस एवढे घट्ट का बांधलेस तिचे.

मंगळवारी तिथे दुरुस्ती विभागातली नवी बाई आठ-दहा जणांना चित्र समजावत होती. तिसऱ्या मुलीच्या चेहऱ्याच्या जागी आता नुसत्या बारीक उभ्या करड्या रेघा आहेत. आधीच्या कुणा कारागिरानं कल्पनेनं चेहरा रंगवला होता, त्याला पुरावा काहीच नव्हता, म्हणून दोन महिने खपून तो पुसला, असं ती सांगत होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. काम इतकं स्वच्छ की शेजारणीच्या वेणीला ओरखडा नाही. तिच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं, आणि त्याचाच संताप येतो. भांडायचं कुणाशी? पुसण्याआधी फोटो काढला होता का, म्हणून विचारलं. आहे म्हणाली, पण खास दिव्याखाली घेतलेला. त्यात नंतरचा रंग नुसता काळा दिसतो.

घरी येऊन चार दिवस कागद खराब केले. चार वर्षांची येते. नऊची येत नाही.

तिचा वाढदिवस जवळ आलाय. दर वर्षी त्या दिवशी तू सकाळच्या गाडीनं येतेस, मला न कळवता, आणि तिच्यासमोर बसून संध्याकाळी परत जातेस. नोकरीत होतो तोवर पहारेकरी मला सांगायचा. मी मुद्दामच खाली यायचो नाही, तुमच्या दोघींच्या मध्ये कशाला. या वर्षी येऊ नकोस. त्या दोरीमागे एकटी उभी असताना तुला कळू नये म्हणून लिहितोय. आपली चिंगी पुन्हा गेली गं.

अजूनही तुझाच,
चिंगीचा बाबा