आईच्या बैठकीची पिशवी

॥ श्री ॥
देहरादून, ८ नोव्हेंबर १९९७

ती. दादास,
विनिताचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण एक पिशवी आहे. हसू नकोस.

आईला यंदा औलीचा बर्फ दाखवायचं ठरलं खरं, पण आमच्या जीपमध्ये तिला जागाच उरत नाही. पुढे आम्ही दोघं. मागे एका बाकावर आयुष, ऋतिका आणि अंथरुणं. दुसऱ्या बाकावर स्की, म्हणजे बर्फावर घसरायला पायांना बांधतात त्या लांब पट्ट्या. ह्यांच्या तर ह्यांच्याहून टीचभर उंच! वर कापडी टप, तिथे काही ठेवायची सोय नाही.

चौघांच्या पट्ट्या, काठ्या, बूट असं सगळं मावेल अशी मोठी पिशवी शोधतेय. इथल्या दुकानात एक आहे, चाकांची, पेटीसारखी कडक. ती घेतली तर बाकावर तीच ऐसपैस बसेल. हे म्हणतात, चार लहान पिशव्या घेऊ. त्या कुणाच्या मांडीवर ठेवायच्या, ते सांगत नाहीत.

आईला यातलं काही बोलू नकोस. तुला काही सुचतं का?

माया आहेच, इथल्या थंडीत गारठली असेल तर तिकडच्या उन्हात वाळत घालून ठेव.
तुझी विनिता

॥ श्री ॥
चांदीप, १७ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. विनितास,
प्रल्हादचे अ. उ. आशीर्वाद.

तुझी गोष्ट दुपारपर्यंतसुद्धा लपली नाही. आपल्याकडे पत्र आलं की आधी देवापुढे ठेवायचं, आणि देवापुढचं सगळं आधी आईच्या हाती लागतं. तिने शेजारच्या प्रितेशकडून ते वाचून घेतलं. मी शेतावरून आलो तेव्हा घरात निजानीज झाल्यासारखी शांतता. मला वाटलं, रुसली. गावभर सांगून झालंय ना तिचं, की भागूबाई बर्फाला चालली! पण तिचा निकाल तयार होता. म्हणाली, बाकावर पिशवी ना, मग पिशवीवर मी. वर हेही, की वाटेत पानी मागून कुणाला त्रास देणार नाही.

मग मी वसईला सॅन्टनकडे गेलो. टेम्पोच्या ताडपत्र्या शिवतो तो. पुरुषभर लांबीची पिशवी हवी म्हटल्यावर त्याने क्रूसाची खूण केली आणि हळूच विचारलं, की कोण गेलं? खुलासा केल्यावर इतका हसला की टेप खाली पडली.

पिशवी मऊ, वरून सावरीच्या कापसाची जाड गादी, धरायला दोन्हीकडे मुठी. बर्फ म्हणजे मला आपला भातलावणीच्या आवणातला चिखलच वाटतो, फक्त पांढरा. म्हणून खाली गुळगुळीत ताडपत्री दुहेरी लावली.

अंगणात पिशवीत बांबू भरून वर आईला बसवलं. सॅन्टन, प्रितेश आणि मी मिळून उचलली. आईने फर्मावलं, की उचललीच आहे तर देवळापर्यंत चला, प्रदक्षिणाही होऊन जाईल. झाली. पुजारी नमस्कार कुणाला करावा या विचारात पडले.

जागा देव देतो, टाके तेवढे आपण घालायचे. प्रितेश तिला घेऊन येईल. हर्षवर्धनरावांना नमस्कार, मुलांना पापे.

आठवण ठेव, आमच्याकडची तुझी आठवण इथून कुणी उचलून नेत नाही.
तुझा दादा

॥ श्री ॥
देहरादून, २८ जानेवारी १९९८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आई बरी आहे हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं धीराने वाचशील.

पिशवी पाहून हे म्हणाले होते, की ही सहलीची नाही, वरातीची आहे. पण आई वाटभर तिच्यावर महाराणीसारखी बसून आली. औलीला पोचल्यावर आम्ही पट्ट्या काढून घेतल्या, आत घोंगड्या भरल्या आणि तिला उतारावर पिशवीवरच बसवलं. म्हटलं, बस इथे, बघ आम्हाला. आयुषने चिवडा मागितला. तो द्यायला ती जरा पुढे वाकली आणि निघालीच!

मी किंचाळले. हे तिला धरायला धावले आणि पडले. आई मात्र मुठी धरून, पाय पुढे ताणून, ताठ. विठ्ठल विठ्ठल करत पार खालच्या सपाटीपर्यंत गेली. आम्ही धापा टाकत पोचलो, तर चिवड्याचा डबा मांडीवर तसाच. म्हणाली, की लहानपणी चिखलणीत बैलांमागच्या फळीवर तिलाच वजनाला बसवायचे, बैल उधळले तरी कधी पडली नाही. हे तर मऊ आहे.

त्यानंतर चारदा घसरली. मुलं तिच्या मागे रांग लावून उभी. ह्यांनी महागाच्या स्की बाजूला ठेवून पिशवीसाठी नंबर लावला.

फक्त शेवटच्या खेपेला खाली बसून राहिली. विचारलं, तर म्हणाली, की प्रल्हाद राहिला. तो कधी कुठे जात नाही, आणि आपण विचारतही नाही. पुढल्या वर्षाची पिशवी दोघांच्या बैठकीची शिव, असा तिचा निरोप आहे. जागेचं आम्ही बघू.

राग नसावा, असलाच तर घेऊन ये.
तुझी विनिता

॥ श्री ॥
चांदीप, ६ फेब्रुवारी १९९८

चि. सौ. विनितास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र देवापुढे ठेवलं, आणि आई इथे नसल्यामुळे पहिल्यांदाच मी आधी वाचलं. आईचा निरोप पुन्हा दोनदा वाचला. मग एकट्यालाच इतकं हसू आलं की तुझी वहिनी चुलीवरचं सोडून बघायला आली.

लगेच वसईला गेलो. या खेपेला सॅन्टनने कोण गेलं असं विचारलं नाही. कोण कोण जाणार, असं विचारलं.

मी सांगितलं, आई पुढे, मी मागे, वजनाला.

तुझा दादा