हिरव्या सुताचं पुस्तक

अकलोली,
१२ जानेवारी २०२५

चि. पूर्वीस मावशीचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर तुझा आवाज नुसता घुमतो, शब्द कानाला लागत नाही, म्हणून आपलं पत्रच बरं. आळीतला धनेश टेम्पो घेऊन भिवंडीला निघालाय. त्याच्याजवळ पत्र आणि एक पुस्तक देते आहे, होडीवाल्या बाईचं. सुटं झालं होतं, तर तुझ्या काकांनी लूमवरून हिरवं सूत आणून स्वतः शिवलं. काका गेल्यापासून त्याला जपते आहे, तूही जप.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितलाय. डावा डोळा गेला, उजवा निघालाय. शेवटची तीस पानं राहिली आणि अक्षरं मुंग्यांसारखी पळायला लागली. खाडीवर पूल होतो, होडीत कोणी बसेनासं होतं, इथवर आले आहे. ती होडी विकते की ठेवते, एवढं वाचून कळव.

लहानपणी तू भज्यांचा कागदसुद्धा तेल पुसून वाचायचीस. गौरीला आलीस तेव्हा विचारलं, हल्ली काय वाचतेस, तर म्हणालीस बारकोड. आपण दोघी हसलो, पण मला ते लागलं गं. छोटीला गोड पापा. वाचून झालं की पुस्तक परत धाड, आणि लोभ ठेव, म्हातारीला दुसरं काय हवं.

तुझी,
आनंदीमावशी


भिवंडी,
२ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस पूर्वीचा शि. सा. न. वि. वि.

डोळ्यांचं वाचून वाईट वाटलं. लगेच यावं असं वाटतं, पण रजा म्हटली की सुपरवायझरचं तोंड वाकडं होतं. सकाळी सहाला घर सोडते. कशेळीच्या गोडाऊनमध्ये दहा तास उभी, वर पुलावरचं ट्रॅफिक वेगळं. घरी येऊन पाणी भरायचं, भाकऱ्या, छोटीचा अभ्यास. विशालची लूमवर रात्रपाळी. वाचायला वेळ काढ म्हणतेस, तो कुठून काढू, पिठाच्या डब्यातून?

तरी तुझ्यासाठी वाचलं. ती होडी विकत नाही, मावशी. लोक पुलावरून जातात आणि ही होडी घासूनपुसून काठाला बांधून ठेवते. शेवटी पूर येतो, पूल बंद पडतो, आणि सगळा गाव हात जोडून तिच्या दारात उभा राहतो. वाचताना डोळ्यांत पाणी आलं. पुस्तक सवडीने पाठवते. औषध वेळेवर घाल, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
पूर्वी


अकलोली,
२३ फेब्रुवारी २०२५

चि. पूर्वीस आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नको. शेजारची करिष्मा मी बोलते तसं लिहिते हाय. उजवा डोळाही गेला. तुझं पत्र तिनं माझ्या कानाशी ओरडून वाचलं, सगळ्या आळीनं ऐकलं. आळीला तुझा शेवट फार आवडला.

पण तो त्या पुस्तकाचा न्हाय. ते पुस्तक मी सात वेळा वाचलंय. तीस पानं राहिली ही माझी थाप. म्हटलं, मावशीच्या निमित्तानं तरी पोरगी अर्धा तास टेकेल. तू ती तीस पानंही उलटली न्हायस, आणि वर डोळ्यांत पाणी आलं म्हणून लिहिलंस. माझ्या डोळ्यांचं वाचून तुला हे लिहवलं कसं? वेळ न्हाय असं सरळ कळवलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला? नोकरी सगळेच करतात. तुझे काका बारा तास लूमवर उभं राहून यायचे, पण दोन पानं वाचल्याशिवाय जेवायचे न्हाय.

जाऊ दे. पुस्तक तेवढं धनेशकडे दे. दिसत न्हाय, पण शिवणीवर बोट फिरवलं की काकांचा टाका कुठं चुकला ते कळतं. माझ्याकडे तेवढंच उरलं हाय. लोभ हाय, पण दुखावलेला.

मावशी


भिवंडी,
३० मार्च २०२५

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तू थाप मारलीस, मीही मारली, फिटंफाट. पण काकांचं नाव घेऊन टोचलंस ते जिव्हारी लागलं. काका दोन पानं वाचायचे तेव्हा ताट कोण वाढायचं, मावशी? माझं ताट मीच वाढते, घरातल्या बाकीच्यांचंही.

पुस्तक माझ्याकडे नाही. धनेश दोनदा येऊन गेला, दोनदा त्याला खोटं सांगितलं. घरी दुसऱ्या पानावरच डोळा लागायचा, म्हणून एक दिवस डब्याच्या पिशवीत घालून पुस्तक गोडाऊनला नेलं. जेवणाच्या सुट्टीत पाच पानं वाचलीही. किती बरं वाटलं म्हणून सांगू. सुटताना गेटवर झडती होते हे रोजचं, पण आमच्या गोडाऊनमध्ये मालच पुस्तकांचा आहे हे डोक्यातच आलं नाही. वॉचमन म्हणाला, बिल दिखाओ. काकांच्या वेळच्या पुस्तकाचं बिल मी कुठून आणणार? सुपरवायझर म्हणाला, चोरी लिहिली तर नोकरी जाईल, त्यापेक्षा माल चुकून पिशवीत राहिला असं लिहून दे. मी दिलं. काकांचं पुस्तक गोडाऊनचं आहे असं माझ्या अक्षरात लिहून खाली सही केली. मग घरी येऊन तुला तो शेवट लिहिला.

गेल्या मंगळवारी ते माझ्याच टेबलावर पॅकिंगला आलं. परत आलेल्या मालाच्या रॅकमधून, कव्हरवर काकांनी लिहिलेल्या नावावरच बारकोड चिकटवलेला. हिरवं सूत लगेच ओळखलं. शेवटची दोन पानं उभ्यानेच वाचली. स्क्रीनवर उशिराची लाल पट्टी आली, लाईन अडली, शेजारची मेघाली म्हणाली, क्या कर रही है, टाक पटकन. ती होडी विकते, मावशी. स्वतःच्या हाताने दोर सोडते आणि घेणाऱ्याच्या हातात देते. मी पुस्तक खोक्यात ठेवलं आणि टेप मारली. पिशवीत घातलं असतं तर आता ती खरीच चोरी झाली असती. कोणीतरी घरबसल्या मागवलंय. त्याला वेळ असणार.

हे पत्र करिष्मा ओरडून वाचेल आणि आळीभर होईल. दार लावून वाच असं वर लिहिणार होते, पण नाही लिहिलं. ते पुस्तक आमचं आहे, हे मला गेटवर मोठ्याने म्हणता आलं नाही. आता करिष्माला म्हणू दे.

लोभ उरला असेल तर दोन ओळी लिहवून घे. नसेल उरला तरी घे.

तुझी,
पूर्वी