पाहुणा नव्हे, वजन

लेवार्डन,
११ एप्रिल १९९३

ती. बाबांस,
हिस्केचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून कपाळाला आठ्या पडल्या असतील, पण इलाज नाही. आमच्या बोटीवर फोन नाही, आणि पुलाच्या चौकीतून तुमच्या जावयाने, मार्टेनने, केला की त्याचा आवाज ऐकताच तुम्ही खाली ठेवता. तेव्हा आता वाचा.

माझी तब्येत उत्तम आहे. पोट एवढं पुढे आलंय की जहाजाच्या शिडीवरून मी आता उलटी उतरते, लहानपणी तुम्ही शिकवलं होतं तशी. सुईणबाई ट्राइन परवा येऊन सगळं बघून गेल्या. तुमच्याएवढ्याच उंच आहेत, त्यामुळे आत शिरताना डोकं आपटलं आणि त्यांनी तुमच्यासारखीच शिवी हासडली. पलंग विटांवर चढवून उंच करायला सांगितलाय, नाहीतर बाळंतिणीची शुश्रूषा करायला येणाऱ्या बाईची कंबर धरते म्हणे. ते मार्टेनने त्याच दिवशी केलं. आता मला पलंगावर चढायला स्टूल लागतं.

आता खरी बातमी. बाळंतपण घरीच, म्हणजे बोटीवरच होणार, पण पलंगावर नाही, पाण्यात. मोठा टब भाड्याने मिळतो, त्यात कोमट पाणी भरायचं आणि आपण आत बसायचं. कळा सोसायला सोप्या जातात. ट्राइनबाईंनी अशी पुष्कळ बाळंतपणं केली आहेत. मार्टेनचे आईवडील येणार आहेत, कारण त्यांना कोणी ये म्हणायची वाट बघायची सवयच नाही.

आणि तुम्ही यायला हवं. आई असती तर तुम्हाला मी कॉफी करायला बसवलं असतं आणि तिचा हात धरला असता. ती नाही. मला भीती वाटते, बाबा. दिवसा नाही वाटत, पण वाटते. तिच्याच नावाचं जहाज, मी जन्मले तेही इथेच, आणि माझ्या माणसांपैकी कोणीच नाही, असं नको. इंजिनावरून झालेलं भांडण थोडे दिवस बाजूला ठेवा, नंतर परत काढू.

लोभ पूर्वीएवढाच असू द्या, राग तेवढा कमी करा.

आपली,
हिस्के

*

हार्लिंगन,
१६ एप्रिल

चि. हिस्केस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं माझाच चष्मा बिघडला.

तुझ्या नवऱ्याने माझ्या जहाजातलं इंजिन काढून भंगारात दिलं. तीस वर्षं त्या इंजिनाने बटाटे, वाळू, खत, काय काय ओढलं. कशासाठी काढलं, तर खोली मोठी हवी. ज्या जहाजाला इंजिन नाही ते जहाज नव्हे, तो टब. आणि आता त्या टबात तुम्ही टब ठेवणार. त्यात पाणी, पाण्यात तू, तुझ्यात बाळ. एवढं एकात एक मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

तुझी आई त्याच जहाजात कोरड्या पलंगावर बाळंत झाली आणि चौथ्या दिवशी दोर ओढायला डेकवर आली. पाणी बाहेर ठेवायला आम्ही जन्मभर डांबर फासलं, तुम्ही नळी लावून आत घेताय.

येण्याचं म्हणशील तर जमणार नाही. परत त्या जहाजावर पाऊल ठेवणार नाही असं मी बंदरावर चारचौघांत बोललो आहे. ते चारचौघं अजून जिवंत आहेत, रोज सकाळी भेटतात आणि आठवण काढतात. सत्तरी उलटल्यावर शब्द फिरवला तर त्यांना पुढची दहा वर्षं पुरेल.

टब किती लिटरचा? कुठे ठेवणार? मधोमध ठेवा. इंजिन गेल्यापासून जहाज हलकं झालंय, जरा वजन एका अंगाला पडलं की कलणार. वजनाला म्हणून मार्टेनने वाळूच्या पिशव्या आणल्या होत्या, त्या अजून धक्क्यावरच पडल्या आहेत असं ऐकतो. त्या आत घ्या म्हणावं. त्याला वेळ नसेल, पुस्तकांची फळी ठोकत असेल.

दूध पीत जा. शिडीवर घाई करू नकोस.

तुझा,
बाबा

*

लेवार्डन,
२ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्राचं उत्तर देणार नव्हते. दोन आठवडे रडले, रागावले, मग परत वाचलं तर मार्टेनची फळी वाचून हसू आलं. तो खरंच फळी ठोकत होता.

टब आला. सहाशे लिटरचा आहे. डाव्या खिडकीपाशी ठेवला आहे, कारण तिथून कालवा दिसतो आणि बदकं येतात. मधोमध ठेवला तर मी कळा देताना चुलीकडे बघत बसायचं का? तुमचं म्हणणं मी मार्टेनला सांगितलं. तो म्हणाला, जे जहाज जन्मभर बटाट्यांचे डोंगर वाहत होतं त्याला सहाशे लिटरचं काय. पिशव्या तो रविवारी आत घेणार आहे. कुठल्या रविवारी ते सांगितलं नाही.

ट्राइनबाईंना विचारलं, बाळाच्या आजोबांना आणायचं कसं. त्या म्हणाल्या, बाळं आणणं माझं काम, आजोबा आणणं नव्हे.

मी आता आग्रह करत नाही. बाऊक्येआत्याला मात्र सगळं कळवलं आहे. आता तुम्ही आणि ती काय ते बघा.

आपली,
हिस्के

*

मेप्पेल,
६ मे

ती. सीत्सेदादास,
बाऊक्येचा नमस्कार.

तुझी तब्येत कशी आहे विचारत नाही. जो माणूस एवढा हट्ट करू शकतो त्याची तब्येत ठणठणीतच असणार.

हिस्केच्या वेळी मी होते त्या जहाजावर, विसरलास? यल्त्ये आत कण्हत होती आणि तू वर सुकाणूला चिकटून उभा होतास. खाली ये म्हणून मी तीनदा वर आले. तू म्हणालास, दोन्हीकडून जहाजं येतायत, सोडलं तर वाकडं जाईल. जहाज अगदी सरळ गेलं, पोर झाली, आणि तिला तू बघितलंस कालव्याच्या पुढच्या जलद्वारापाशी थांबल्यावर. यल्त्ये जन्मभर ती गोष्ट हसत सांगायची. पण मी तिची भावजय नव्हे, नणंद आहे. नणंदेला सगळं दिसतं. तिला लागलं होतं ते.

आता हिस्के बोलावते आहे. या वेळी इंजिनच नाही, तेव्हा सुकाणूची सबब चालायची नाही. बंदरावरच्या चार म्हाताऱ्यांना मी स्वतः पत्र लिहीन, पत्ते दे.

कळव काय ठरलं ते. माया आहे म्हणून एवढं बोलले, नाहीतर टपालाचं तिकीट का वाया घालवलं असतं.

तुझी,
बाऊक्ये

*

हार्लिंगन,
२९ मे

चि. सौ. बाऊक्येस,
अनेक आशीर्वाद.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील.

मंगळवारी सकाळी मार्टेनचा फोन आला. मी खाली ठेवणार होतो, पण पोराचा आवाज रडवेला झाला होता. कळा सुरू झाल्या, टब भरला आणि जहाज कललं असं म्हणाला. मी म्हटलं, किती? तो म्हणाला, गाजरं टेबलावरून घरंगळतायत.

मी पहिल्या गाडीने गेलो. आत जायला नव्हे, धक्क्यावरून नुसते दोर बघायला. जाऊन बघतो तर यल्त्ये डाव्या अंगावर रेललेली. जहाज म्हणतोय मी. लाज वाटली मला. सगळी तिथेच जमलेली. टब डावीकडे, सुईण ट्राइनबाई आणि त्यांची मदतनीस डावीकडे, शुश्रूषेची बाई डावीकडे, मार्टेन डावीकडे, आणि खिडकीखालच्या बाकावर मार्टेनचे आईवडील कॉफी पीत बसलेले. त्याची आई भरभक्कम बाई आहे, हे मी कौतुकाने म्हणतो. उजवीकडे कोण? मांजर.

टब जमिनीबरोबर तिरपा, पण पाणी कुठे तिरपं राहतं. एका काठावरून ते सांडत होतं आणि दुसरीकडे हिस्केचे गुडघे उघडे पडले होते. प्रत्येक कळेला ती घसरून त्याच कोपऱ्यात जात होती. एवढं मला धक्क्यावरून उघड्या दारातून दिसलं. टब रिकामा करायला वेळ नव्हता.

मग मी धक्क्यावरूनच हुकूम सोडायला लागलो. मार्टेनला धक्क्यावरच्या वाळूच्या पिशव्या उचलून उजवीकडे टाकायला लावल्या, व्याह्यांना कॉफीसकट उजवीकडे हलवलं, शेजारच्या बोटीवरची नवराबायको उजव्या डेकवर उभी केली. पुलाच्या चौकीतला माणूस काय गडबड आहे म्हणून बघायला आला, त्यालाही उभा केला. जहाज पुष्कळ वर आलं, पण पुरतं नाही. तेवढ्यात ट्राइनबाईंनी दारातून डोकं बाहेर काढलं. म्हणाल्या, पोरीला शांतता हवी आहे, तुम्ही एक तर वर या नाहीतर घरी जा, पण ओरडणं बंद करा. मी म्हटलं, मी या जहाजावर पाहुणा म्हणून येणार नाही. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, वजन किती तुमचं?

बाऊक्ये, मी वजन म्हणून चढलो. बंदरावर तसंच सांगितलं आहे, कोणाला काही बोलता येत नाही.

मला उजव्या भिंतीलगतच्या पेटीवर बसवलं आणि मांडीवर वाळूची एक पिशवी दिली. जहाज सरळ झालं. गाजर टेबलावर ठेवून बघितलं, जागचं हललं नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, बापाने दुसरीकडे कुठे बघायचं? पाठीमागे सगळं ऐकू येत होतं. पाण्याचा आवाज, ट्राइनबाईंचं हळू बोलणं, आणि हिस्केचं ते खोल कण्हणं. यल्त्येचंही अगदी तसंच होतं. वर सुकाणूपर्यंत ऐकू यायचं मला. मला ऐकू येत नव्हतं असं तुला वाटतं का?

मग हिस्केने हाक मारली. मी म्हटलं, बाळ, मी उठलो तर जहाज कलेल.

ती म्हणाली, "कलू दे."

मी पिशवी खाली ठेवली आणि गेलो. जहाज कललं. माझ्या बुटांवरून, मोज्यांवरून पाणी गेलं, व्याह्यांची कॉफी लवंडली. मी तिचा हात धरला. तिने माझी बोटं अशी पिळली की अजून पेन नीट धरता येत नाही, अक्षर बघतेसच. आणि थोड्या वेळाने पोरगी पाण्यातून वर आली, डोळे उघडे ठेवून. रडली नाही लगेच, नुसती बघत राहिली. मीच रडलो. लपवत नाही, हिस्के तुला कळवीलच.

त्याच वेळी बाहेर भोंग्यांचा एकच गलका सुरू झाला. पुलावरचा माणूस आमच्या डेकवर उभा, मग बोटींसाठी पूल उघडणार कोण? कालव्यात बोटींची रांग लागली होती आणि सगळ्या बोंबलत होत्या. त्या बिचाऱ्याने वरून विचारलं, आता उतरू का म्हणून.

नाव सीत्स्के ठेवलंय, माझ्यावरून. मला न विचारता. मी जरा कुरकुर केली, रीत म्हणून. मुलगी झाली की देतात तशी टोस्टवर लोणी आणि वर गुलाबी बडीशेप घालून दिली, तीन खाल्ले.

प्रकृतीस जप, आणि मला परत रागावायचं असेल तर आता दुसरं कारण शोध.

तुझा दादा,
सीत्से

*

लेवार्डन,
९ जून

ती. बाबांस,
हिस्के आणि सीत्स्के दोघींचा सा. न. वि. वि.

सीत्स्के पितेय, झोपतेय आणि अंघोळीला घातली की तुमच्यासारख्या भुवया उडवते. सगळ्यांच्या घरी असतं तसं आमच्या संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर आहे, त्यावर तिचं नाव कोणीतरी आधीच लिहून ठेवलंय. अक्षर वाकडंतिकडं आहे, बोटं पिळल्यासारखं.

टब रिकामा करून परत पाठवला. आता नवीनच पंचाईत झाली आहे. टब गेला आणि पिशव्या उजवीकडेच राहिल्या, त्यामुळे जहाज आता उजवीकडे कललंय. पाळणा आपोआप तुमच्या पेटीकडे सरकतो. मार्टेन म्हणतो, शनिवारी सगळ्या पिशव्या उचलून मधोमध टाकतो. या वेळी तो खरंच करील असं दिसतंय. करू द्यायचं का?

लोभ वाढला आहे, आता कमी होऊ देऊ नका.

आपली,
हिस्के

*

हार्लिंगन,
१० जून

चि. हिस्केस,
दोघींना अनेक आशीर्वाद.

घाईत लिहितो, टपाल सुटायच्या आत. पिशव्यांना मार्टेनला हात लावू देऊ नकोस. त्याने फळी ठोकावी, पुस्तकं लावावीत, काय हवं ते करावं. वजन हलवणं हे जाणत्या माणसाचं काम आहे, एकदम हलवलं तर जहाजाला धक्का बसतो.

मी रविवारी येईन आणि एक पिशवी हलवीन. मग कसं काय बसतंय ते आठवडाभर बघायचं. पुढच्या रविवारी दुसरी. पिशव्या मी बघितल्या आहेत, पुष्कळ आहेत. घाई केली नाही तर सगळ्या हलवून होईपर्यंत पोरगी चालायला लागेल, आणि मग तिच्यामागे शिडीशी कोणीतरी उभं राहायलाच हवं.

कॉफी कडक कर.

तुझा,
बाबा